सुट्या भागांचा व्यापार आणि ज्ञानाचा व्यवहार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



ज्या शाळेत पावकी म्हणताना अडखळलो म्हणून मला तासभर उभे राहावे लागले होते, त्याच शाळेने आज मला सन्मानाने उभे राहून बोलण्यास सांगितले आहे. त्या पावकीचे ऋण मला पुढे लखनौजवळच्या चिनहट येथे फेडावे लागले. ती हकिकत ओघाने येईलच. प्रथम विषयाविषयी दोन शब्द.

मी इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचे वितरण करणाऱ्या व्यवसायात आहे. माझ्या हुद्द्याला उपयोजन अभियंता म्हणतात. ग्राहकाने भाग मागितला आणि आम्ही तो पोहोचवला, एवढ्यावर हे काम संपत नाही. कोणत्या कामाला कोणता भाग घ्यावा, तो कसा जोडावा, त्याला किती वीज द्यावी, तो तापला तर काय करावे, हे सांगणे माझे काम. थोडक्यात, मी दुकानाच्या वतीने ग्राहकाच्या आराखड्यात हातभार लावतो. गेल्या काही दशकांत वितरकाची ही भूमिका पुष्कळ विस्तारली आहे. तिचे मोल किती आणि तिच्यातला धोका कोणता, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

विषय परका वाटेल, पण अनुभव आपल्या ओळखीचा आहे. आपल्यापैकी अनेकांची घरे शेतकऱ्यांची आहेत. कपाशीवर कीड पडली की शेतकरी पान खुडून घेतो आणि थेट कृषी सेवा केंद्रात जातो. कृषी विद्यापीठ दूर असते, कृषी सहायकाकडे अनेक गावे असतात; दुकान मात्र बाजारपेठेत असते आणि उघडे असते. दुकानदार पान पाहतो, रोग सांगतो आणि मागच्या फळीवरची बाटली काढून देतो. निदान आणि विक्री एकाच हाताने होते. हे वास्तव ओळखूनच हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. विक्रेता सल्ला देणारच असेल, तर तो शिकून द्यावा, हा त्यामागील विचार. माझा व्यवसाय याच जातीचा आहे. फक्त आमच्या बाटल्या नखाएवढ्या असतात.

या व्यवसायाची सुरुवात अगदी साध्या दुकानदारीतून झाली. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात ‘रेडिओ रो’ नावाची पेठ होती. तेथे १९२१ मध्ये चार्ल्स ॲव्हनेट यांनी रेडिओचे उरलेसुरले भाग विकण्यास आरंभ केला आणि १९३५ मध्ये ‘ॲरो रेडिओ’ हे दुकान निघाले. ॲव्हनेट आणि ॲरो या आज जगातील अग्रगण्य वितरण कंपन्या आहेत. आपल्याकडे मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाचा परिसर या त्याच प्रकारच्या पेठा. तेथे गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे, की काउंटरमागचा माणूस नुसता ट्रान्झिस्टर देत नाही. “हा नको, गरम होईल, तो न्या,” असे म्हणणारा दुकानदार हा आमच्या पेशाचा मूळपुरुष होय.

शाळेच्या व्यासपीठावरून मुद्दाम सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील जेरी माउझर नावाच्या भौतिकशास्त्राच्या शाळाशिक्षकाला आपल्या विद्यार्थ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक भाग मिळेनात. ते मिळवता मिळवता त्याने स्वतःच पुरवठ्याचा उद्योग उभा केला. आजची ‘माउझर’ ही जगभर पसरलेली कंपनी त्यातूनच वाढली. म्हणजे या व्यवसायाची एक शाखा तरी वर्गातून फुटली आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

मग दुकानदाराचा सल्लागार का झाला? कारण वस्तूच बदलली. रोधकाला सल्ला लागत नाही. त्याच्या अंगावरचे रंगीत पट्टे वाचता आले की झाले. १९७१ मध्ये इंटेलचा ४००४ हा पहिला मायक्रोप्रोसेसर बाजारात आला, तेव्हा त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आज हातातल्या फोनमधील चिपमध्ये ते अब्जावधी असतात. साध्याशा मायक्रोकंट्रोलरची संदर्भपुस्तिकाही कित्येकदा हजारांहून अधिक पानांची असते. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचे अभियंते मोठ्या ग्राहकांकडे जातात. महिन्याला दोनशे नग घेणाऱ्या लघुउद्योजकाच्या दारी ते येऊ शकत नाहीत. त्यांना ते परवडत नाही. निर्माते मोजके, ग्राहक असंख्य आणि वस्तू अवघड. या तिहींच्या मधली पोकळी वितरकाने भरून काढली.

ती भरताना त्याने अनेक साधने पुढे केली. नमुना परिपथ, चाचणीचे तयार फलक, भागांची संगणकीय रेखाचित्रे, उष्णतेचा हिशेब मांडणाऱ्या सोयी यांचा त्यात समावेश होतो. एखादा भाग बंद होणार असेल तर त्याची पूर्वसूचनाही दिली जाते. प्रीमियर फार्नेलने २००९ मध्ये ‘ईगल’ ही परिपथ-आरेखनाची प्रसिद्ध प्रणाली बनवणारी कंपनीच विकत घेतली. आरएस कंपोनंट्सने २०१० मध्ये ‘डिझाइनस्पार्क’ ही आरेखन प्रणाली विनामूल्य खुली केली. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक याच दोन वितरकांच्या मार्फत बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी मागणीच्या रेट्याखाली दोघांचीही संकेतस्थळे कोलमडली. ज्या आरेखन प्रणालींसाठी एके काळी मोठी रक्कम मोजावी लागे, त्यांतील काही आता विद्यार्थ्याला घरबसल्या मिळतात. हा लाभ लहान नाही.

आता चिनहटकडे वळतो. चिनहट हे लखनौच्या पूर्वेस फैजाबाद रस्त्याला लागून असलेले जुने गाव. आज ते शहरातच मिसळले आहे. इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव आपण वाचले असेल. ३० जून १८५७ रोजी येथे सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा पराभव झाला आणि त्यानंतर लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडला. चिनहटची दुसरी ओळख म्हणजे तेथील झिलईदार मातीची भांडी. तो व्यवसाय आता पुष्कळ ओसरला आहे. तिसरी ओळख उद्योगांची. देवा शरीफकडे जाणाऱ्या रस्त्यावर १९९२ पासून टाटा मोटर्सचा व्यापारी वाहनांचा कारखाना आहे, आणि औद्योगिक वसाहतीत लहानमोठे कारखाने आहेत. मोठ्या कारखान्याला सल्लागारांची वाण नसते. लहान गाळ्यातल्या उद्योजकाचे तसे नसते आणि माझी बहुतेक फिरती तिथेच असते.

अशाच एका गाळ्यात भट्ट्यांचे तापमान नियंत्रित करणारी उपकरणे तयार होत. मालक स्वतः कारागीर, शिक्षण आयटीआयपर्यंतचे, हाताखाली चार कामगार. त्यांची उपकरणे पावाच्या भट्ट्यांवर उत्तम चालत. पुढे त्यांना खुर्जा येथील चिनी मातीच्या भट्ट्यांची मागणी आली आणि तेथे एक विचित्र दोष दिसू लागला. तापमान चढत चढत हजारांच्या वर जाई आणि १०२३.७५ या आकड्यावर थबके. भट्टी तापतच राही, आकडा मात्र हलत नसे. मालकांनी तापमान मोजणारी तार, म्हणजे थर्मोकपल, दोनदा बदलले. दोष तसाच राहिला. मग त्यांनी मला बोलावले.

मी फलक पाहिला. थर्मोकपलचा क्षीण विद्युत्दाब वाचण्यासाठी त्यांनी ‘मॅक्स ६६७५’ ही चिप वापरली होती. के जातीच्या थर्मोकपलमध्ये तापमान एका अंशाने वाढले की दाब सुमारे ४१ मायक्रोव्होल्टने वाढतो. तो मोजून ही चिप आकड्यांत सांगते. आकडा बारा द्विमान अंकांचा असतो, म्हणजे शून्य ते ४०९५ असे ४०९६ टप्पे. प्रत्येक टप्पा पाव अंशाचा. मी तेथेच उभ्या उभ्या मनात पावकी म्हटली. चार हजार शहाण्णवची पाव किती? एक हजार चोवीस. शेवटचा टप्पा त्याहून पाव कमी, म्हणजे १०२३.७५. चिप बिघडलेली नव्हती. तिला त्याहून पुढे मोजताच येत नव्हते आणि ही मर्यादा डेटाशीटच्या पहिल्याच पानावर छापलेली होती. पावाच्या भट्टीला ती पुरेशी होती, चिनी मातीच्या भट्टीला अपुरी.

उपाय अवघड नव्हता. त्याच घराण्यातली ‘मॅक्स ३१८५५’ ही चिप पुढचे तापमान वाचते. मात्र ती ३.३ व्होल्टवर चालते आणि त्यांचा फलक पाच व्होल्टचा होता. म्हणून मधे दाबाची पातळी जुळवणारा छोटा परिपथ घालावा लागला आणि प्रोग्रामही थोडा बदलावा लागला. ते सारे मी त्यांना कागदावर काढून दिले. त्याचा एक पैसाही घेतला नाही, कारण भाग आमच्याकडून जाणार होते. आठ दिवसांत खुर्ज्याची भट्टी नीट चालू लागली. वितरकाच्या सल्ल्याची चांगली बाजू ती हीच. ज्या गाळ्यात एरवी कोणी अभियंता फिरकला नसता, तेथे तो गेला.

मित्रहो, येथे थांबलो असतो तर हे भाषण माझ्या कंपनीचे जाहिरातपत्रक झाले असते. म्हणून पुढचे सांगतो.

या यशानंतर मालकांचा माझ्यावर विश्वास बसला. उपकरणाची नवी आवृत्ती काढताना त्यांनी मायक्रोकंट्रोलर कोणता घ्यावा, असे विचारले. मी एक सुचवला. चाचणीचा फलक दिला, नमुन्याचा प्रोग्राम दिला, आराखडाही बहुतांशी मीच काढला. भाग चांगला होता, यात शंका नाही. पण त्याच पायांवर बसणारा, दुसऱ्या निर्मात्याचा एक पर्यायही बाजारात होता. तो आमच्या फळीवर नव्हता. मी त्याचे नाव घेतले नाही.

याचे कारण सांगताना आमच्या व्यवसायाची एक रीत समजावून द्यावी लागेल. वितरकाने एखाद्या ग्राहकाच्या आराखड्यात निर्मात्याचा भाग बसवून दिला, तर तो त्याची निर्मात्याकडे नोंदणी करतो. पुढे त्या भागाचे उत्पादन सुरू झाले की नोंदणी करणाऱ्याला इतरांपेक्षा चांगली किंमत किंवा अधिक नफा मिळतो. सल्ला फुकट दिसतो, परंतु त्याचे दाम भागाच्या किमतीत मिळालेले असते. यात गैर काही नाही. अभियंत्याचेही पोट आहे. मात्र ज्याला सल्ला मिळतो त्याला ही रीत ठाऊक असली पाहिजे. मी ती सांगितली नव्हती.

मग २०२१ साल उजाडले. महामारीने पुरवठ्याची घडी आधीच विस्कटली होती. फेब्रुवारीत अमेरिकेतील टेक्सस राज्यात हिमवादळ आले आणि ऑस्टिनमधील चिपचे कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमधील नाका येथे रेनेसासच्या कारखान्याला आग लागली. जगभर चिपचा दुष्काळ पडला. मी सुचवलेल्या भागाची मुदत बावन्न आठवड्यांवर गेली. सांगायला ते एक वर्ष. चार कामगारांच्या गाळ्याला ते एक युग. खुर्ज्याच्या मागण्या हातच्या गेल्या. मालकांनी कोणाला कामावरून काढले नाही. जुन्या उपकरणांची दुरुस्ती करून त्यांनी पगार भागवले.

पर्यायी भाग काही दिवस मिळत होता. पण तो वापरायचा तर प्रोग्राम बदलावा लागणार आणि तो प्रोग्राम त्यांना कळत नव्हता. तो मी लिहिला होता. मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळे खरे सांगितले: पर्यायाचे, नोंदणीचे, माझ्या गप्प बसण्याचे. त्यांनी लखनवी अदबीने चहा मागवला. माझ्यावर आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, “साहब, पुर्ज़ा आपका था, ठीक है। नक़्शा तो मेरा होना चाहिए था।”

भाग तुमचा असेल, पण आराखडा माझा असायला हवा होता. माझ्या सगळ्या नोकरीत याहून नेमके वाक्य मी ऐकलेले नाही.

त्यानंतर आम्ही दोघांनी महिनाभर रोज संध्याकाळी बसून तो प्रोग्राम ओळीओळीने पुन्हा लिहिला. मी सांगायचे आणि त्यांनी लिहायचे, असा नियम ठेवला. फलकावर दोन्ही निर्मात्यांचे भाग बसतील, अशी जागा ठेवली. आज त्यांच्या आराखड्यातला प्रत्येक रोधक तिथे का आहे, हे ते मला सांगू शकतात. एकदोनदा त्यांनी माझी चूकही दाखवली आहे. भाग ते अजून आमच्याकडून घेतात, पण घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारतात. असा ग्राहक मिळणे वितरकाच्याही हिताचेच असते, हे मला उशिरा कळले.

वितरकाचे स्थान तरी अढळ आहे काय? तेही नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स या बलाढ्य निर्मात्याने ॲव्हनेटबरोबरचा वितरण-करार २०२० च्या अखेरीस संपवण्याचे कळवले. निर्मात्यांना ग्राहकांशी थेट संबंध हवासा वाटू लागला आहे. सल्ला कधी वितरक देईल, कधी निर्माता, उद्या संगणकच देईल. देणारा बदलत राहणार. म्हणून घेणाऱ्याची समज पक्की असणे, हाच त्यातला टिकाऊ भाग.

लखनौमध्ये या विचाराला एक मराठी आधार आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. घराण्याघराण्यांत जपून ठेवलेल्या बंदिशी त्यांनी उस्तादांकडून मिनतवारीने मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि क्रमिक पुस्तकांतून सर्वांसाठी खुल्या केल्या. १९२६ मध्ये लखनौत मॅरिस कॉलेज ऑफ म्युझिक उभे राहिले ते त्यांच्याच पुढाकाराने. तेच आजचे भातखंडे विश्वविद्यालय. पुस्तकाने गुरूची गरज संपली नाही, भातखंड्यांचा तसा दावाही नव्हता. पण शिष्याच्या हाती काही तरी लिखित आले, ज्यावर बोट ठेवून त्याला प्रश्न विचारता येऊ लागला. गाळ्यातल्या कारागिराच्या हाती डेटाशीट आली तर तेच घडते. अट एवढीच, की ती त्याला वाचता आली पाहिजे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी दुकानदार, कोणी शेतकरी. तुम्हा प्रत्येकाला कोणी तरी विक्रेता सल्ला देणार आहे. तो नम्रपणे ऐका. त्याच्यापाशी शेकडो गाळ्यांचा अनुभव असतो. पण त्याला विचारा: हाच भाग का, दुसरा कोणता पाहिला होता? हा उद्या मिळाला नाही तर काय? यात तुमचा लाभ किती? आणि शेवटी स्वतःला विचारा: हा माणूस उठून गेल्यावर यातले काय मला एकट्याला करता येईल? चौथ्या प्रश्नाचे उत्तर “काहीच नाही” असे असेल, तर आपण वस्तू घेतली, विद्या घेतली नाही, असे समजावे.

हे प्रश्न सुचण्यासाठी मूळ गोष्टी आपल्या भाषेत पक्क्या व्हाव्या लागतात. पदवीचे शिक्षण मी इंग्रजीत घेतले आणि चिनहटला हिंदीत बोलतो, पण १०२३.७५ हा आकडा पाहून मनात जे उमटले ते मराठीत उमटले. ते येथे, या शाळेत, उभे राहून पाठ केलेले होते.

शाळेने हीरक महोत्सवाच्या स्मरणार्थ काही करावे, अशी विनंती करण्याचा अधिकार माजी विद्यार्थ्याला असेल तर एक छोटी विनंती करतो. विज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक फळी राखून ठेवावी. तिच्यावर साधे इलेक्ट्रॉनिक भाग ठेवावेत आणि प्रत्येक भागाशेजारी विद्यार्थ्यांनी स्वतः मराठीत लिहिलेला एक कागद असावा: हा काय करतो, किती सोसतो आणि कोठे अपुरा पडतो. भाग मी पाठवीन. कागद मात्र तुम्हीच लिहायचे. चिनहटच्या त्या कारागिराने मला शिकवलेला धडा तोच आहे.